सहावी

बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक बारीकसा चौकोन असतो. मॅच सुरू व्हायच्या किमान १० मिनिटं आधी कोचने नावं-नंबर तपासून सही करायची आणि सुरुवात करणाऱ्या पाच जणी कोण ते दाखवून द्यायचं, असा नियम आहे. त्या पाच जणींच्या चौकोनात फुली पडते, आणि मॅच सुरू झाली की स्कोअरर त्या फुल्यांभोवती गोल काढतो. नंतर बाकावरून जी आत येईल तिलाही फुली मिळते, गोल मिळत नाही. कागदावरचा फरक एवढाच. कोण किती वेळ खेळली, कोणी कोणाला रोखून धरलं, शेवटच्या दोन मिनिटांत आत कोण होतं, यातलं काहीही त्या गोलावरून कळत नाही. तरी त्या गोलासाठी पोरी जेवढ्या झुरतात तेवढ्या कपासाठीही झुरत नाहीत. नेरुळला एका कॉलेजच्या मुलींचा संघ मी गेली काही वर्षं सांभाळते आहे, आणि कोणाला पहिल्या मिनिटापासून उतरवायचं, कोणाला बाकावरून आणायचं, हे ठरवण्याइतकं अवघड दुसरं काम त्यात नाही.

या बाबतीतलं माझं मत आधीच सांगून टाकते. बाकावर बसवायचं कारण त्या मुलीला समोर बसवून, स्पष्ट शब्दांत सांगता आलं पाहिजे. जे कारण सांगायला जीभ रेटत नाही, त्या कारणासाठी तिला बसवू नये. बाकी सगळं, म्हणजे उंची, पॉइंट, फाउल, समोरचा संघ, हे त्यानंतर.

मी बेलापूरला नोकरी करते. संध्याकाळी सुटले की लोकलने नेरुळला उतरते आणि कोर्टवर जाते. कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं. कॉलेजच्या स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच उघडतो, त्यामुळे आमचा अर्धा सराव इमारतीखालच्या पार्किंगमध्ये होतो. तिथे बास्केट नाही, म्हणून शूटिंग सोडून सगळं करायचं: पासिंग, डिफेन्सचे पाय, बॉक्स आउट. पोरी घणसोलीहून येतात, कोपरखैरण्याहून येतात, कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बर पकडतात. एक उरणहून येते. २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत धावायला लागली नसती, तर रोज सरावाला थांबून घरी परतणं तिला जमलंच नसतं.

शीटवर १२ नावं लिहिता येतात. आमच्या बारातल्या सात जणी खऱ्या तयारीच्या आहेत, उरलेल्या पाच जणींनी कॉलेजात आल्यावरच बॉल हातात धरला. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत हेच चित्र दिसतं. नागपाड्यात लहान मुलं वडिलांचा, काकांचा खेळ बघत कोर्टच्या कडेला वाढतात, तसं आमच्याकडे नाही. म्हणजे प्रश्न खरं तर सात जणींतल्या पाच कोणत्या, असा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय, सगळ्यात चांगल्या पाच.

पण बॉल एकच असतो. माझ्याकडे दोन गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणाऱ्या मुली, आहेत आणि दोघींनाही बॉल हातात हवा. एकीचं ड्रिबल असं की दोघी अंगावर आल्या तरी बॉल निसटत नाही. दुसरीचं शूटिंग असं की ६.७५ मीटरच्या, म्हणजे तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून टाकलेला बॉल पाहताना मी रिबाउंडसाठी, म्हणजे नेम चुकून परत येणारा बॉल पकडा म्हणून, ओरडत नाही. दोघी एकत्र आत असल्या की एक बॉल घेऊन खेळते आणि दुसरी कोपऱ्यात हात वर करून उभी राहते, मग दोन मिनिटांनी उलटं. दोघींचे पॉइंट वेगवेगळे मोजले तर या दोघीच संघात पहिल्या-दुसऱ्या. मी वहीत मात्र वेगळं लिहून ठेवते: कोणत्या पाच जणी आत असताना आम्ही किती टाकले आणि किती खाल्ले. एका मॅचच्या आकड्यावर मी विसंबत नाही, कारण चांगल्या चौघींबरोबर पाचवी कोणीही घातली तरी तिचा आकडा चांगलाच दिसतो. पण हंगामभराची वही चाळली की दिसतं, या दोघी पहिल्या क्वार्टरमध्ये एकत्र असतात तेव्हा आम्ही पुढे सरकत नाही. मॅचच्या शेवटी मात्र दोघी एकत्र हव्यात. तेव्हा समोरचा संघ दमलेला असतो, आणि फ्री थ्रो टाकणारे जास्तीत जास्त हात आत असलेले बरे.

ठाण्यात शाळेत असताना मी आधी खो-खो खेळायचे, आणि हा विचार मला तिथून मिळाला. पळतीला तिघींची तुकडी आत जाते. तिन्ही उत्तम पळणाऱ्या पहिल्याच तुकडीत घातल्या आणि त्या लवकर बाद झाल्या, की मागच्या तुकड्या बघता बघता गारद होतात. म्हणून जाणती कर्णधार एक भक्कम पळणारी मागे राखते. पहिल्या तुकडीने सगळा वेळ काढला तर त्या मागे राखलेलीला पळायलाच मिळायचं नाही, आणि तरीही तिला कोणी कमी लेखत नसे. उलट सगळ्या शाळेला ठाऊक असायचं, हिला जपून ठेवलंय. बास्केटबॉलमध्ये तोच विचार मांडला की घरच्यांना, मैत्रिणींना, कधीकधी क्रीडाशिक्षकांनाही तो पटत नाही. खो-खोत ज्याला राखणं म्हणतो, त्याला इथे बसवणं का समजतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, खो-खो आपल्या मातीतला. त्यातले डाव आपल्या आजीलाही कळतात. बास्केटबॉल बघायला आलेल्या पालकांना डाव कळत नाही, तेव्हा त्यांना दिसतं ते एवढंच, की आपली पोर बाकावर आहे.

जिथे हा खेळ जन्मला त्या अमेरिकेत सहाव्या खेळाडूला मान मिळाला तो एका कोचच्या हट्टामुळे. बोस्टन सेल्टिक्सच्या रेड ऑरबाक यांनी १९५० च्या दशकात फ्रँक रॅमसी हा त्यांचा उत्तम खेळाडू मुद्दाम बाकावरून आणायला सुरुवात केली, आणि १९६२ मध्ये संघात आलेल्या जॉन हॅवलिचेकलाही पुढे तेच काम दिलं. हिशेब सरळ होता. सुरुवातीच्या काही मिनिटांनी दोन्हीकडचे पाच जण दमायला लागतात. त्या वेळी समोरचा संघ आपला दुय्यम खेळाडू आत पाठवतो, आणि आपण मात्र ताजा आणि तितकाच चांगला खेळाडू पाठवायचा. १९८२-८३ पासून तर एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, सर्वोत्तम सहाव्या खेळाडूसाठी वेगळं पारितोषिकच आहे.

आमच्यासारख्या संघांना हा हिशेब त्यांच्यापेक्षाही जास्त लागू पडतो असं माझं मत आहे. तिथे दहावा खेळाडूही व्यावसायिक असतो. आमच्या स्पर्धांत सातव्या मुलीनंतर एकदम उतरण लागते. समोरच्या संघाच्या दोन मुख्य मुली श्वास घ्यायला बाहेर गेल्या की त्यांचा डिफेन्स विस्कळीत होतो, आणि नेमक्या त्या चार-पाच मिनिटांत आपली शूटर ताज्या पायांनी आत असेल तर मॅच तिथेच फिरते. दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात माझ्या वहीत सगळ्यात जास्त अधोरेखित आहे ती म्हणूनच.

कॉलेज बास्केटबॉलमधलं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण २०१८ च्या एप्रिलमधलं. सॅन अँटोनिओला अमेरिकी कॉलेजांची अंतिम मॅच, व्हिलानोव्हा विरुद्ध मिशिगन. व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला, आणि त्या रात्री नेमके त्याच्या हातून फारसे पॉइंट होईनात. मिशिगन सुरुवातीला पुढे होतं. मग बाकावरून डाँटे डिव्हिन्चेंझो आला. त्याने ३१ पॉइंट टाकले, व्हिलानोव्हा ७९-६२ ने जिंकलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हा मानही त्यालाच मिळाला. मला यात ३१ हा आकडा तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. तो बाकावर बसून मिशिगनचा डिफेन्स पाहत होता, आणि आत आला तेव्हा कुठे मोकळं मिळणार हे त्याला आधीच दिसलेलं होतं, हे त्या मॅचचं रेकॉर्डिंग पाहताना मला दर वेळी जाणवतं. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी केंटकी विद्यापीठात डेव्हिन बुकर अख्खा हंगाम खेळला आणि एकाही मॅचची सुरुवात त्याने केली नाही. २०१७ मध्ये त्याच बुकरने एनबीएच्या एका मॅचमध्ये ७० पॉइंट टाकले. आमच्या पोरींना मी ही दोन नावं वारंवार ऐकवते.

नावं ऐकवून भागत नाही, हेही खरं.

माझी ती शूटर कोपरखैरण्याची. हंगामाच्या सुरुवातीलाच मी तिला कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसवून सांगितलं की तू पहिल्या पाच-सहा मिनिटांनी उतरशील, आणि का ते सगळं सांगितलं: दोन गार्डचा घोळ, समोरच्यांची दुसरी फळी, शेवटची पाच मिनिटं तुझीच. तिने ऐकून घेतलं, "बरं ताई" म्हणाली, आणि त्यानंतर काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी तिला समजवायला पुन्हा गेले नाही. कारण सांगणं माझं काम होतं. ते पचवायला तिला वेळ हवा होता आणि तो तिचा हक्क होता.

मग एका मॅचला तिचे आजोबा आले. मूळचे साताऱ्याकडचे, माथाडी कामगार म्हणून उभं आयुष्य मार्केटात गेलेलं. पांढरा सदरा, टोपी, हातात नातीची पाण्याची बाटली. मॅचनंतर माझ्याजवळ आले.

"ताई, एक इचारू का? आमच्या पोरीचं काय चुकलंय का?"

"नाही ओ बाबा. उलट संघात तिच्यासारखा नेम दुसऱ्या कोणाचा नाही."

"मग भाईर का बसीवता?"

मी त्यांना सगळं सांगितलं. खो-खोच्या तुकड्यांचं सांगितलं, ते त्यांना लगेच कळलं. मघाच्या मॅचमध्ये नात आत गेल्यावर स्कोअर कुठून कुठे गेला ते वहीत दाखवलं. त्यांनी वही नीट पाहिली, मान हलवली, आणि म्हणाले, "त्ये समदं बराबर हाय. पर सुरवातीला नावं पुकारत्यात तवा तिचं नाव न्हाई आलं, की माझ्या पोटात कालवतंय."

यावर मी काय म्हणणार? ते बरोबरच बोलत होते. डाव कितीही शहाणपणाचा असला तरी मान ही गोष्ट वेगळी असते, आणि तिची भूक खरी असते. कोच मंडळी "अहंकार सोडा, संघाचं बघा" असं फार सहज म्हणतात. वीस वर्षांच्या मुलीला चारचौघांत आपलं नाव ऐकू यावं असं वाटणं याला मी अहंकार म्हणणार नाही. पहाटे उठून, कॉलेज करून, लोकलचे धक्के खाऊन ती जे कमावते, त्याची ती पोच आहे. आजोबांच्या त्या वाक्यानंतर आमच्या कोर्टवरच्या मॅचला आम्ही बाराही नावं पुकारतो, आणि बाकावरून येणाऱ्या सात जणींची आधी. आजोबा आता येतात तेव्हा माइकच्या जवळची खुर्ची पकडतात.

बाकावर बसणाऱ्या मुलीला कामही हवं. नियमांतली एक गोष्ट मला फार आवडते: बदलीची मागणी कोचने करायचीच नसते. आत जाणारी मुलगी स्वतः टेबलाजवळ जाते आणि स्कोअररला सांगते, मला आत जायचं आहे. म्हणजे नियमानेच तिला स्वतःच्या पायावर उभं केलं आहे. तोवर तिने काय पाहायचं हे मी नेमून देते. त्यांची गार्ड कोणत्या हाताने ड्रिबल करते आणि कोणत्या बाजूला जायचं टाळते? बॉल गेल्यावर परत धावायला कोणाला उशीर होतो? आज रेफरी कशाला शिट्टी मारतोय, हात लागला तरी, की धक्का बसल्यावरच? आत गेल्याबरोबर तिने बाकीच्या चौघींना यातली एक तरी गोष्ट सांगायची. कोपरखैरण्याची पोरगी यात इतकी तयार झाली आहे की टाइमआउटमध्ये मी बोलायच्या आधी मुली तिच्याकडे बघतात.

सगळ्यांना हे जमत नाही, आणि न जमणाऱ्यांना मी बाकावरून आणत नाही. काही मुलींचं अंग बसल्या बसल्या थंड होतं. त्यांना आत गेल्यावर सूर सापडेपर्यंत क्वार्टर संपतो. आमची ड्रिबल करणारी गार्ड तशी आहे. तिला पहिल्या उडीपासून, म्हणजे मॅच सुरू करायला बॉल वर फेकतात तेव्हापासून, आत हवी, नाहीतर ती दिवसभर हरवलेली असते. तिला सुरुवातीला उतरवते ते ती वरचढ आहे म्हणून नव्हे, हे मी तिलाही सांगितलं आहे. ऐकताना तिचं तोंड उतरलं होतं. दोघींशी सारखंच खरं बोलायचं तर एवढं करावंच लागतं.

उरणच्या मुलीचा प्रश्न आणखी निराळा. ती आमची पोस्ट, म्हणजे बास्केटखाली खेळणारी, संघात सगळ्यात उंच, रिबाउंडला तिच्यासारखी कोणी नाही. पण पहिल्या तीन मिनिटांत दोन फाउल करून बसते. ४० मिनिटांच्या मॅचमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, अमेरिकी कॉलेजांतही आणि आपल्याकडेही. तिथले बरेच कोच पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झालेल्या खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवूनच ठेवतात. मला ते पटत नाही. पाचवा फाउल झाला तर ती मॅचबाहेर जाईल या भीतीने मीच तिला दहा-बारा मिनिटं बाहेर ठेवायचं, म्हणजे जे टाळायचं तेच आपल्या हाताने करायचं. मी तिला बसवते ती दोन मिनिटं, फाउल का झाला ते बोलण्यापुरती, आणि परत पाठवते. मात्र समोर तितकीच उंच आणि अंगाने भारी पोस्ट असेल, तर हिला सुरुवात देत नाही. आधी दुसरी कोणी तरी त्या पोस्टशी झुंजू दे, तिचा एखादा फाउल होऊ दे, रेफरीची शिट्टी आज किती कडक आहे ते कळू दे. मग ही. हे कारण तिला सांगणं सोपं गेलं, कारण तिलाही ते ठाऊक होतं.

सुरुवात आणि बाक हा भेदच मोडून काढायचे प्रयत्नही झाले आहेत. केंटकीच्या जॉन कॅलिपारी यांच्याकडे २०१४-१५ मध्ये इतके गुणी खेळाडू एकाच वेळी होते की त्यांनी पाच-पाचांच्या दोन फळ्या केल्या आणि अख्ख्या फळ्या आलटून पालटून उतरवल्या. एका मॅचला मध्यंतरापर्यंत त्यांनी यूसीएलएसारख्या मातब्बर संघाला ४१-७ असं दाबलं होतं. डिसेंबरमध्ये एकाला मोठी दुखापत झाली आणि दोन फळ्यांचा मेळ मोडला. तरी तो संघ ३८ मॅचेस सलग जिंकून मगच विस्कॉन्सिनकडून हरला. आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजात डेव्हिड आर्सेनो यांनी त्याहून पुढची पद्धत चालवली: मिनिटा-दीड मिनिटाला पाचच्या पाच बदलायचे, सतत प्रेस करायचा, म्हणजे समोरच्यांना कोर्टभर अंगावर जाऊन अडवायचं, भराभर थ्री टाकायचे. त्यामुळे पंधरा-पंधरा पोरांना रोज खेळायला मिळालं. मला ग्रिनेलबद्दल मनापासून आदर आहे. सात तयार मुलींवर मला ते चालवता येणार नाही, पण सरावात आठवड्यातून एक दिवस आम्ही तसं खेळतो. त्या दिवशी नव्या पाच जणींना जुन्यांएवढीच मिनिटं मिळतात, आणि तो दिवस त्या चुकवत नाहीत.

आता जी कारणं सांगायला जीभ रेटत नाही त्यांच्याबद्दल. ती कुठल्याच कॉलेजला नवी नाहीत. कोणाच्या तरी काकांचा फोन येतो. कोणी म्हणतं, तिसऱ्या वर्षाची आहे, ज्युनियरच्या आधी तिलाच घ्या. कोणी म्हणतं, ती उंच आहे, फोटोत संघ चांगला दिसेल. एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी मला एकीचं नाव पहिल्या पाचात घ्यायला सांगण्यात आलं होतं. मी एवढंच म्हटलं, की जिच्या जागी ही येईल तिला कारण तुम्ही सांगा, मी तिला आत्ता बोलावते. विषय तिथेच मिटला. ही कसोटी माझ्या कामी येते ती अशा वेळी.

उशीर हे कारण मी फार जपून वापरते. शिस्त म्हणून उशिरा येणाऱ्याला सुरुवात द्यायची नाही, असा पुष्कळ ठिकाणी दंडक असतो आणि त्यामागचा हेतू चांगला आहे. पण नेरुळलाच राहणाऱ्या मुलीचा उशीर आणि उरणच्या लोकलचा उशीर एका तागडीत कसा तोलायचा? उरणच्या गाड्यांमध्ये मोठं अंतर असतं. एक चुकली की सराव अर्धा झालेला असतो. म्हणून आमच्यात नियम असा आहे की उशीर होतोय हे कळवायचं. कळवलं तर काही नाही. न कळवता उशीर केला तर त्या आठवड्यात सुरुवात नाही, मग ती कोणी का असेना.

अमेरिकेत बाकावरच्या खेळाडूला आता दार उघडं असतं. २०१८ मध्ये तिथे ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंची नोंद, आलं, आणि २०२१ पासून पहिल्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसण्याची अटही उरली नाही. मिनिटं मिळत नाहीत असं वाटलं की खेळाडू दुसरीकडे जातो, त्यामुळे तिथल्या कोचला प्रत्येकाशी बोलणं भागच आहे. आमच्या मुली कुठे जाणार? फी भरलेली, लोकलचा पास काढलेला, परीक्षा इथेच. ज्या मुलीला जाता येत नाही तिच्याशी तर जास्तच खरं बोलायला हवं, असं मला वाटतं.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ १९६१ ते १९९७ पर्यंत तिथे कोच होते आणि ८७९ मॅचेस जिंकले. त्यांच्या दोन पद्धती मी उचलल्या आहेत. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची, की त्याला बाहेर घेतलं जायचं, आणि असा स्वतःहून बाहेर आलेला खेळाडू पुन्हा केव्हा आत जायचं हेही स्वतःच ठरवायचा. आमच्या पोरी पहिले काही आठवडे मूठ वर करायला लाजल्या. आता करतात, आणि त्यामुळे बाहेर येणं म्हणजे शिक्षा हा समज पुष्कळ ओसरला आहे. दुसरी पद्धत म्हणजे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना त्यांच्या घरच्या कोर्टवरच्या शेवटच्या मॅचला सुरुवात द्यायची, मग तो वर्षभर कितीही कमी खेळलेला असो.

ही दुसरी पद्धत आमच्याकडे आणताना एक अडचण आली. तिथे शेवटची मॅच कोणती हे महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतं. आमच्या बऱ्याचशा स्पर्धा बाद पद्धतीच्या. आज हरलो तर आजचीच शेवटची. शेवटच्या वर्षाच्या मुलीला "पुढच्या मॅचला बघू" म्हणण्यात अर्थ नसतो, कारण पुढची मॅच असेलच याची खात्री कोणी द्यावी? आमच्यात अशी एक आहे, कळव्याची. फर्स्ट इयरला आली तेव्हा तिला ले-अपची पावलंही येत नव्हती. तीन वर्षांत ती फार मोठी खेळाडू झाली असं नाही. पण समोरच्या शूटरच्या सावलीसारखं मागे राहणं तिला येतं, आणि बाकावरून ती इतक्या जोरात ओरडते की आमच्या डिफेन्समधल्या निम्म्या हाका तिच्याच असतात. तिला सुरुवात द्यायची ती पहिल्याच फेरीला, असं मी ठरवलं आहे. इतर मुलींनाही सांगितलं आहे की यात मी थोडी जोखीम घेते आहे. पहिल्या पाच मिनिटांत आम्ही चार पॉइंट मागे पडलो तर पडलो. ते भरून काढायला कोपरखैरण्याची मुलगी आहेच. तिने स्वतःच मला विचारलं, "ताई, ती आत असताना मी काय बघून ठेवू?"

पहिली फेरी पुढच्या आठवड्यात खारघरला आहे. चार जागा ठरल्या: ड्रिबल करणारी गार्ड, कळव्याची, आणि घणसोलीच्या दोघी फॉरवर्ड. पाचवी जागा समोरच्या संघाची पोस्ट पाहून ठरवायची. ती वॉर्म-अपमध्ये अंगाने भारी दिसली तर उरणची मुलगी थांबेल आणि आमची आणखी एक फॉरवर्ड आधी उतरेल, नाहीतर पहिली उडी उरणचीच. या दोघींना आज सरावानंतर बाजूला घेऊन हे सांगितलं. फॉरवर्डने विचारलं की मग वॉर्म-अप दोघींनीही पूर्ण करायचा ना. पूर्ण करायचा, म्हटलं.